१० ऑगस्ट आणि शेंगदाण्याचं तेल: रुडॉल्फ डिझेलची खरी गोष्ट



दरवर्षी १० ऑगस्टला, म्हणजे जागतिक जैवइंधन दिनाला, एक मेसेज व्हॉट्सअॅपवर हमखास फिरतो. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. मजकूर साधारण असा असतो: १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं, शेतकरी राजा होणार होता, पण तेल कंपन्यांना ते बघवलं नाही आणि त्यांनी त्याला जहाजावरून समुद्रात ढकलून दिलं.

खोटं कशाला बोलू, हा मेसेज मीही आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला होता. खाली शेतकऱ्याचा इमोजीसुद्धा टाकला होता. त्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, की मग आपल्या माळावरच्या एरंडाचं असं का झालं?

आता हा एरंड काय प्रकार आहे ते सांगतो. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हणजे दुष्काळी पट्ट्यात. मी पाचवीत असेन तेव्हा. एका कंपनीचा माणूस गावात आला आणि म्हणाला की मोगली एरंड लावा, याच्या बियांपासून डिझेल होतं, पाणी लागत नाही, शेळ्या खात नाहीत, सगळा माल आम्हीच उचलू. वडिलांनी दोन एकर माळावर आणि बांधांवर रोपं लावली. आजी मात्र तेव्हाच कुरकुरत होती, की जे माणूस खात नाही आणि जनावरही खात नाही, ते पीक कसलं? चार वर्षांनी हातात आल्या जेमतेम दोन पोती बिया. आणि तो माणूस परत कधी दिसलाच नाही.

म्हणजे वडिलांचा प्रश्न साधा होता, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी रुडॉल्फ डिझेलबद्दल वाचायला घेतलं. वाचलं आणि कळलं की तो मेसेज अर्धा खोटा आहे, पण खरी गोष्ट त्याच्यापेक्षा भारी आहे. तीच आज सांगतो. (डिझेल म्हणजे माणूस की इंधन, असा घोळ नको म्हणून मी त्याला सरळ रुडॉल्फच म्हणणार आहे.)

बुकबाइंडरचा पोरगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियातले. वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. छोटंसं वर्कशॉप, पैसे बेताचे. पोरगा मात्र हुशार. बाराव्या वर्षी पॅरिसमधल्या एका शिक्षणसंस्थेने त्याला कांस्यपदक दिलं.

पण त्याच वर्षी, १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब हातात मावेल तेवढं सामान घेऊन लंडनला गेलं. तिथे सगळ्यांना पोसणं जमेना, म्हणून आईने रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. बारा वर्षांचा मुलगा, युद्ध चालू असलेल्या देशात एकटा प्रवास करत गेला. तिथे शिकता शिकता त्याने ठरवून टाकलं, की आपण इंजिनिअर व्हायचं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला स्कॉलरशिप मिळाली. तिथे त्याला शिकवायला होते कार्ल फॉन लिंडे. आज तुमच्या घरात जो फ्रिज आहे ना, त्यामागच्या तंत्रज्ञानात या लिंडेसाहेबांचा मोठा वाटा आहे. १८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी रुडॉल्फला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. त्याने ती नंतर, १८८० च्या जानेवारीत दिली आणि अव्वल गुणांनी पास झाला. मग लिंडेंच्याच कंपनीत बर्फ आणि थंडाव्याच्या यंत्रांवर कामाला लागला.

त्याला नेमकं काय खुपत होतं?

त्या काळी सगळं जग वाफेवर चालायचं. पण वाफेच्या इंजिनाचा एक मोठा प्रॉब्लेम होता. शंभर रुपयांचा कोळसा जाळला, तर काम व्हायचं जेमतेम दहा रुपयांचं, बऱ्याचदा त्याहून कमी. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि बॉयलरमधून वाया. कॉलेजात लेक्चर ऐकताना हा आकडा रुडॉल्फच्या डोक्यात जो बसला तो निघालाच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती मेसेजमध्ये कधीच नसते. वाफेचं इंजिन अवाढव्य आणि महाग. ते परवडायचं फक्त मोठ्या कारखानदाराला. सुतार, विणकर, बुकबाइंडर असल्या छोट्या कारागिरांचं काय? ते या कारखान्यांपुढे टिकत नव्हते. रुडॉल्फने हे वडिलांच्या वर्कशॉपमध्ये बघितलेलं होतं. त्याला असं इंजिन हवं होतं जे छोट्या माणसाला परवडेल आणि मिळेल ते इंधन पिऊन चालेल. म्हणजे या इंजिनामागे फक्त गणित नव्हतं, तर कारखानदारापुढे छोटा माणूस टिकला पाहिजे ही तळमळही होती.

सायकलचा पंप आणि डिझेल इंजिन

आता थोडं तंत्रज्ञान बघू. घाबरू नका, सोपं आहे.

सायकलच्या ट्यूबमध्ये जोरजोरात हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम लागतं ना? हवा दाबली की तापते. बस, रुडॉल्फची कल्पना एवढीच होती.

बाइकच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण असतं, आणि ते पेटवायला स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. रुडॉल्फ म्हणाला, ठिणगी हवीच कशाला? आधी नुसती हवा आत घ्यायची आणि ती इतकी दाबायची की तिचं तापमान पाचशे-सहाशे अंशांवर जाईल. मग त्यात इंधनाचा फवारा मारायचा. ते आपोआप पेटणार, पिस्टन ढकलणार. हवा जितकी जास्त दाबाल, तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय इंधन ठिणगीच्या मर्जीवर नसल्यामुळे ते पेट्रोलसारखं उडून जाणारं असायची गरज नाही. जाड तेलही चालतं. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, कारण शेंगदाणा इथूनच आत शिरणार आहे.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये ते मिळालं. ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने (हीच पुढची मॅन कंपनी, जिचे ट्रक आजही आहेत) आणि क्रुप कंपनीने पैसे लावले.

मग १० ऑगस्टला काय झालं?

१० ऑगस्ट १८९३. ऑग्सबुर्ग. पहिलं इंजिन उभं राहिलं. ते स्वतःच्या बळावर चालतच नव्हतं, कारखान्यातल्या पट्ट्याने बाहेरून फिरवावं लागत होतं. त्यात इंधन सोडलं. ते पेटलं, पण दाब इतका वाढला की तो मोजायला लावलेलं उपकरणच फुटलं आणि त्याचे तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसं थोडक्यात वाचली.

आणि इंधन कोणतं होतं? पेट्रोल. शेंगदाण्याचं तेल नाही!

म्हणजे मेसेजमधली तारीख खरी, पण तेल खोटं. रुडॉल्फने आपल्या पेटंटमध्ये तर कोळशाच्या भुकटीचाही विचार केला होता. जे मिळेल ते वापरून बघणारा माणूस होता तो.

पण त्या दिवसाची खरी किंमत वेगळी आहे. ठिणगीशिवाय, नुसत्या दाबलेल्या हवेत इंधन पेटतं, हे सिद्ध झालं. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरलं, ते साधारण एक मिनिट. मग आणखी तीन वर्षं मोडतोड, बदल, पुन्हा मोडतोड. त्याची मूळ थिअरीही जशीच्या तशी चालली नाही, ती त्याला बदलावी लागली. शेवटी १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. ताकद सुमारे २० हॉर्सपॉवर आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. वाफेच्या दहा टक्क्यांसमोर सव्वीस! इंजिनिअर लोकांनी तोंडात बोटं घातली.

शेंगदाणा कधी आला?

१९०० सालचं पॅरिसचं जागतिक प्रदर्शन. रुडॉल्फ जिथे जन्मला आणि जिथून त्याच्या घरच्यांना हाकललं गेलं, तेच शहर. तिथे डिझेल इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथेच ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन ठेवलं होतं आणि ते शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. इंजिन बनवलेलं होतं खनिज तेलासाठी, त्यात काहीही बदल न करता शेंगतेल ओतलं आणि ते इतकं सुरळीत चाललं की बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना फरक कळला. रुडॉल्फने स्वतःच हे पुढे १९१२ मध्ये नोंदवून ठेवलंय.

पण ही कल्पना कुणाची होती? रुडॉल्फची नाही, फ्रेंच सरकारची. आणि का? तर फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये भुईमूग भरपूर पिकायचा. कोळसा किंवा खनिज तेल जहाजाने तिथवर न्यायचं, त्यापेक्षा तिथल्याच भुईमुगावर यंत्रं चालली तर?

ऐकायला झकास वाटतं. पण इथे मी थांबलो आणि सेनेगलबद्दल वाचलं. फ्रेंचांच्या काळात तिथल्या शेतकऱ्यांनी भुईमूग लावायचा, तो जहाजाने फ्रान्सला जायचा आणि त्याचं तेल, साबण व्हायचे. भुईमुगाने इतकी जमीन आणि मेहनत खाल्ली की घरच्या बाजरी-ज्वारीची जागा कमी झाली. मग लोकांनी खायचं काय? फ्रान्सच्याच दुसऱ्या वसाहतीतून, इंडोचायनातून, तुकडा तांदूळ आणला जायचा. म्हणजे शेत यांचं, माल तिकडे, आणि ताटात दुसऱ्याच देशाचा तुकडा तांदूळ.

अन्न की इंधन हा वाद आपल्याला आजचा वाटतो. पण शेंगतेलावर पहिलं इंजिन फिरलं त्याच दिवशी तो प्रश्न तिथे उभा होता. फक्त तो कुणी विचारला नाही.

रुडॉल्फला स्वतःला मात्र वनस्पती तेलात पुढे खरोखर रस वाटायला लागला. रशियात सेंट पीटर्सबर्गला एरंडेलावर आणि प्राण्यांच्या तेलावर झालेले प्रयोगही त्याने नोंदवले. (एरंडेल! हे वाचून मी वडिलांना लगेच फोन लावला.) त्याचं म्हणणं होतं की आज वनस्पती तेलाला इंधन म्हणून किंमत नसली तरी पुढे ते खनिज तेलाइतकंच महत्त्वाचं होऊ शकतं, आणि कोळसा-तेल संपलं तरी सूर्याच्या उष्णतेवर वाढणाऱ्या पिकांमधून ताकद मिळत राहील. १९१२ मध्ये असा विचार करणं सोपं नव्हतं.

पैसा आला आणि गेला

इंजिनाचे हक्क विकून रुडॉल्फ लखपती झाला. अमेरिकेतले हक्क अॅडॉल्फस बुश या बिअरवाल्या उद्योगपतीने दहा लाख मार्कांना घेतले. म्युनिकमध्ये आलिशान बंगला झाला. पण तब्येत ढासळली, डोकेदुखी मागे लागली, पेटंटवरून भांडणं झाली. जमिनीच्या व्यवहारात पैसा बुडाला. यंत्र बनवणं त्याला जमायचं, पैसा सांभाळणं नाही.

१९०३ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिलं. विषय इंजिनाचा नव्हता. कामगारांनी थोडे थोडे पैसे एकत्र करून स्वतःचे कारखाने काढावेत आणि स्वतः मालक व्हावं, अशी ती योजना होती. आपल्याकडच्या सहकाराशी मिळतीजुळतीच म्हणा. पुस्तक फारसं खपलंच नाही. तरी त्याला स्वतःला ते इंजिनाइतकंच मोलाचं वाटायचं.

आणि छोट्या कारागिरासाठी बनवलेलं ते इंजिन गेलं कुठे? कारखान्यांत, वीजकेंद्रांत, जहाजांत. १९१२ मध्ये सेलांडिया नावाचं डॅनिश जहाज डिझेल इंजिनावर समुद्र पार करू लागलं. पाणबुड्यांमध्येही तेच इंजिन बसलं. बुकबाइंडरच्या दुकानात मात्र ते पोचलं नाही.

जहाजावरची रात्र

२९ सप्टेंबर १९१३. रुडॉल्फ बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत दोन ओळखीचे. रात्री एकत्र जेवण झालं, दहाच्या सुमारास तो केबिनमध्ये गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी केबिन रिकामी. बिछान्यावर कुणी झोपलेलं नव्हतं. डेकवर त्याची हॅट आणि कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. त्याच्याजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय ५५.

तेल कंपन्यांनी मारलं, हेरांनी मारलं, अशा खूप कहाण्या आहेत. पुरावा मात्र एकाचाही नाही. जे कागदावर आहे ते असं: तो कर्जात पूर्ण बुडालेला होता. डायरीत त्या तारखेसमोर एक फुली मारलेली होती. निघण्याआधी त्याने बायकोकडे, मार्थाकडे, एक बॅग ठेवली होती. त्यात २०,००० मार्क रोख आणि खाती रिकामी झाल्याचे कागद होते. मी स्वतः यातून आत्महत्येकडेच झुकतो, पण शेवटी तेही अनुमानच.

म्हणून सांगतो, त्याला शेंगतेलासाठी मारलं, हा भाग पुढे फॉरवर्ड करू नका. कर्जाखाली दबलेल्या माणसाची वेदना आपल्याकडच्या गावांना वेगळी समजावून सांगायला नको.

शेंगतेल टाकीत का नको? थोडा हिशेब

रुडॉल्फ गेल्यावर खनिज डिझेल स्वस्त झालं आणि इंजिनंही त्याच पातळ तेलासाठी बनू लागली. कच्चं वनस्पती तेल डिझेलपेक्षा दहापटीहून जास्त घट्ट असतं. आजच्या इंजिनात ते तसंच ओतलं तर इंजेक्टर चोंदतात, काजळी धरते. यावर उपाय सापडला १९३७ मध्ये, बेल्जियममध्ये. तेलाची अल्कोहोलशी रासायनिक प्रक्रिया केली की त्यातून ग्लिसरीन वेगळं होतं आणि उरलेलं तेल पातळ होतं. यालाच आपण आज बायोडिझेल म्हणतो. १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लुव्हेन अशी एक बससुद्धा पामतेलाच्या अशा इंधनावर धावली.

म्हणजे तंत्र तेव्हापासून आहे. खरी अडचण रानातली आहे. चला, हिशेब करू.

एका एकरात समजा ८ क्विंटल वाळलेल्या शेंगा झाल्या. फोडल्यावर दाणे साधारण साडेपाच क्विंटल. त्यातून तेल जास्तीत जास्त अडीचशे किलो, म्हणजे पावणेतीनशे लिटर. मालाचा ट्रक लिटरला ४ किलोमीटर देतो असं धरलं तर हे तेल ११०० किलोमीटर पुरेल. मुंबई-दिल्ली अंतर सुमारे १४०० किलोमीटर आहे. म्हणजे एका एकराची वर्षभराची मेहनत टाकीत ओतली तरी ट्रक दिल्लीला पोचत नाही, मधेच कुठेतरी बंद पडतो. तेच तेल स्वयंपाकघरात गेलं तर, माणशी वर्षाला वीस किलो धरून, बारा माणसांचं वर्ष निघतं.

आता देशाचा हिशेब. भारतात वर्षाला डिझेल लागतं सुमारे ९ कोटी टन. खाद्यतेल लागतं अंदाजे अडीच कोटी टन, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. सगळ्या देशाने फोडणी बंद करून सगळं खाद्यतेल गाड्यांना पाजलं तरी साडेतीन महिनेही निघणार नाहीत!

मग एरंडाचं असं का झालं?

खायचं तेल नको, म्हणून सरकारने न खायच्या तेलाकडे बघितलं. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची मोठी योजना मांडली. कल्पना अशी की पडीक जमिनीवर लावायचं, म्हणजे अन्नाला धक्का नाही.

चूक कुठे झाली? हे झाड पाण्याशिवाय जगतं, हे खरं. पण जगणं वेगळं आणि भरपूर बिया देणं वेगळं. ते रानटी झाड आहे, ज्वारी-भुईमुगासारखं शेकडो वर्षं निवडून सुधारलेलं पीक नाही. चांगलं उत्पन्न हवं तर त्यालाही पाणी, खत आणि बरी जमीन लागते. आणि पाणी-खत घालायचंच, तर शेतकरी खायचं पीक का लावणार नाही? शिवाय ज्याला पडीक म्हणतात तो माळ बऱ्याचदा गावाच्या शेळ्यामेंढ्यांचं कुरण असतो. आजीची कुरकुर म्हणजे अख्ख्या योजनेवरचा नेमका शेरा होता.

पिकाचं अन्न आपल्याला, बाकीचं इंजिनाला

आज जगात जास्त जोर आहे तो दुसऱ्या वाटेवर. दाणा माणसाला, आणि जे उरतं ते इंधनाला.

भाताचा पेंढा घ्या. त्यातही साखर असते, पण सेल्युलोजच्या घट्ट साखळीत कुलूपबंद. आधी उष्णता आणि आम्लाने पेंढा मोकळा करायचा, मग एन्झाइम टाकून साखळी तोडायची, साखर सुटली की यीस्टने आंबवून इथेनॉल करायचं. याला दुसऱ्या पिढीचं किंवा टूजी इथेनॉल म्हणतात. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प २०२२ मध्ये, मुद्दाम १० ऑगस्टलाच, देशाला अर्पण झाला. क्षमता वर्षाला २ लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं! तिकडे हा पेंढा शेतातच जाळतात आणि दिल्लीपर्यंत धूर जातो, म्हणून त्याचं इंधन केलेलं बरंच.

पण इथेही डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे ज्वारीचा कडबा हा कचरा नाही, बैलांचं आणि गाईम्हशींचं अन्न आहे. उसाचं पाचट रानात कुजवलं तर मातीचा कस वाढतो. पंजाबातला कचरा तो माणमधलाही कचरा, असं होत नाही. शिवाय शेताशेतातून पेंढा गोळा करून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून हे प्रकल्प वाढायला वेळ लागतोय.

आणि तुमच्या बाइकमधलं ई२० पेट्रोल? त्यातलं बहुतेक इथेनॉल अजून ऊस, मका आणि तांदूळ यांतूनच येतं. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली होती. मक्याला मागणी वाढली तसं पोल्ट्रीवाल्यांचं खाद्य महागलं. सेनेगलमधला प्रश्न अजून संपलेला नाही.

एक वाट मात्र मला मनापासून पटते, ती म्हणजे वापरलेलं तळणाचं तेल. २०१८ पासून एफएसएसएआयचा नियम आहे की तेलातले टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळायला वापरायचं नाही. तेच तेल गोळा करून बायोडिझेल करायची रुको नावाची योजनाही आहे. पुण्यात वडापावची गाडी लावणारा माझा चुलतभाऊ आता काळं झालेलं तेल डब्यात साठवतो आणि गोळा करणाऱ्याला विकतो. अख्ख्या देशाचे ट्रक यावर चालणार नाहीत, हे उघड आहे. पण एक तेल आधी माणसाचं पोट भरतं आणि मग इंजिनात जातं, त्यात कुणाच्या ताटातलं काही जात नाही.

वडिलांना दिलेलं उत्तर

यंदा १० ऑगस्टला तो मेसेज पुन्हा आला. या वेळी मी फॉरवर्ड केला नाही. त्याऐवजी ग्रुपवर तीन प्रश्न टाकले, जे मी आता कुठल्याही हिरव्या इंधनाची जाहिरात बघितली की विचारतो:

१. हे कशापासून बनतं, आणि ते आधी कुणाच्या पोटात जात होतं? माणसाच्या किंवा जनावराच्या?
२. जमीन आणि पाणी कुणाचं लागणार?
३. माल उचलला नाही तर तोटा कुणाच्या अंगावर?

मोगली एरंडाच्या वेळी हे तीन प्रश्न कुणी विचारले असते, तर आमचे दोन एकर आणि वडिलांची चार वर्षं वाचली असती. मला वाटतं रुडॉल्फलाही हे प्रश्न पटले असते. छोट्या माणसाला बळ मिळावं म्हणूनच तर त्याने इंजिन बनवायला घेतलं होतं.

वडिलांनी मेसेज वाचला. थोड्या वेळाने त्यांचा फोटो आला. माळावरचा एरंड काढून तिथे आता मेंढ्यांसाठी गवत वाढवलंय. बांधावर दोन-चार झाडं ठेवलीत, कुंपण म्हणून. आणि विहिरीजवळच्या तुकड्यात भुईमूग उभा आहे. त्याचं तेल कुठे जाणार, हे विचारायची गरज नाही. आईने घाण्यावाल्याला आधीच सांगून ठेवलंय.